आत झोपा, आता काही होत नाही

मन घट्ट करा, असं सांगणाऱ्यांची १९९३ च्या ऑक्टोबरात, किल्लारीच्या भूकंपानंतर, मराठवाड्यात कमतरता नव्हती. पुढारी सांगत होते, कीर्तनकार सांगत होते, ट्रक भरून जुने कपडे घेऊन आलेली शहरातली मंडळी सांगत होती, आणि घरातली वडीलधारी तर उठता-बसता. मी तेव्हा लातुरात शाळेत होते. ज्यांना हे सांगितलं जायचं त्यातली काही माणसं आमच्याच घरी, मधल्या खोलीत अंथरूण टाकून राहिली होती. त्यांची मनं आधी काही ढिली नव्हती. बहात्तरचा दुष्काळ काढलेली, सावकाराचं कर्ज घेऊन ते फेडलेली माणसं ती.

त्यात माझी मावशी होती आणि तिची थोरली जाऊ. जावेला आम्ही पोरं काकू म्हणायचो. औसा तालुक्यातल्या एका गावात दोघी एकाच वाड्यात नांदायच्या. त्या रात्री मावशीची सासू गेली आणि धाकटी मुलगी गेली. काकूचे यजमान गेले, मुलं वाचली. या दोघींपैकी पुढे कोण कोलमडेल असं तेव्हा विचारलं असतं, तर सगळ्यांनी मावशीकडेच बोट दाखवलं असतं. पोटची पोर गेलेली बाई ती. झालं उलटं. मावशी अडखळत का होईना, उभी राहिली. काकू मात्र त्या रात्रीतून बाहेर आलीच नाही. आणि तिसरा माझा चुलतभाऊ, दादा. त्याच्या घरचं कुणीच गेलं नव्हतं. लातुरातल्या आमच्या घराला एक बारीक तडा गेला होता, तेवढाच. तो कॉलेजातल्या पोरांबरोबर दगड उपसायला गेला आणि परत आला तो झोप घालवूनच.

मी डॉक्टर नाही, मानसशास्त्र कधी शिकलेले नाही. पण या तिघांचा हिशेब काही केल्या जुळेना, म्हणून त्याविषयी मिळेल ते वाचत आले. त्या वाचनातून आणि घरातल्या गोष्टींतून जे हाती लागलं ते हे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. जगातल्या मोठ्या भूकंपांपुढे हा आकडा काही फार नाही. जपानात अशा धक्क्यानंतर लोक दुसऱ्या दिवशी कामावर जातात. पण केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं, वेळ गाढ झोपेची होती, आणि घरं माळवदाची होती. दगड-मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. गळती लागली की दर पावसाळ्याआधी त्या थरावर आणखी माती पडायची, म्हणजे घर जितकं जुनं तितकं डोक्यावरचं ओझं जास्त. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. काही नोंदींत हा आकडा साडेनऊ हजारांच्या पुढे आहे. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव, पेठसांगवी. बावन्न गावं अशी की ती तिथून उठवून दुसरीकडे नव्याने वसवावी लागली. सरकारी नकाशात हा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात, म्हणजे झोन एकमध्ये होता.

लोकांना मात्र आधीच कुणकुण होती, आणि हीच गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. १९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारीत जमिनीतून गुडगुड आवाज येत होते. त्या ऑक्टोबरात चांगला जाणवेल असा धक्का बसला, भिंतींना भेगा पडल्या. माणसं कित्येक रात्री अंगणात, रानात झोपली. अधिकारी आले, तज्ज्ञ आले, मोजमापं झाली. मग धक्के थांबले, थंडी पडली, उन्हाळा गेला, पाऊस आला, आणि माणसं एकेक करून घरात गेली. किती दिवस बाहेर झोपणार? साप-विंचू, पाऊस, म्हातारी माणसं. त्या विसर्जनाच्या रात्री मावशीची मुलगी अंगणातच बाजेवर पेंगत होती. नाचून दमलेली. मावशीने तिला उठवून आत नेलं. म्हणाली, "आत झोपा, आता काही होत नाही."

हे वाक्य तिने मला स्वतःहून कधी सांगितलं नाही. ते आईकडून कळलं, आणि तेही पुष्कळ वर्षांनी. आपण जे केलं किंवा केलं नाही त्यामुळे माणूस गेलं, ही टोचणी मनाच्या जखमेला सगळ्यात जास्त चिघळवणाऱ्या गोष्टींपैकी आहे. मावशीच्या पदरात ती होती, पोरीचं मरण होतं, आणि तुळईखालच्या पोकळीत उजाडेपर्यंत अडकून काढलेला काळ होता. तरी ती सावरली.

पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मनाचा आजार. हे नाव मानसोपचाराच्या पुस्तकांत आलं १९८० साली, अमेरिकेत, आणि ते प्रामुख्याने व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. घडलेलं पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे उभं राहणं, नुसतं आठवणं नव्हे तर आत्ता घडतंय असं वाटणं. त्याची आठवण करून देणारी जागा, आवाज, माणसं टाळणं. जग आणि आपण दोन्ही वाईट असं मनाने घेणं. सतत सावध राहणं, दचकणं, चिडणं, झोप न लागणं. हे महिन्याहून जास्त टिकलं आणि त्याने रोजचं जगणं अडलं, तर डॉक्टर हे निदान करतात. पहिल्या महिन्यात दचकणं, रडणं, झोप उडणं हे कुणालाही होतं आणि बहुतेकांचं ते आपोआप ओसरतं. नैसर्गिक आपत्तींवरच्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्यांनी प्रत्यक्ष सापडलेल्यांमध्ये पीटीएसडीचं प्रमाण तीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं असं म्हटलंय. म्हणजे ज्यांच्या डोक्यावर छप्पर पडलं त्यांच्यातही निम्म्याहून जास्त माणसांना हा आजार होत नाही. तेव्हा खरा प्रश्न, कुणाला होतो?

पहिलं उत्तर सरळ आहे: ज्याला जास्त लागलं त्याला. १९८८ मध्ये आर्मेनियात स्पिताक इथे मोठा भूकंप झाला. दीड वर्षाने तिथल्या मुलांना तपासलं तेव्हा केंद्राजवळच्या स्पिताकमधल्या मुलांना त्रास सगळ्यात जास्त होता, थोड्या अंतरावरच्या ग्युमरीत त्याहून कमी आणि लांबच्या येरेवानमध्ये सगळ्यात कमी. ढिगाऱ्याखाली किती वेळ गेला, समोर कोण गेलं, आपण आता मरतो असं वाटलं का, यावर बरंच ठरतं. त्या घटकेला माणूस आतून सुटला, म्हणजे सगळं दुसऱ्याच कुणाला होतंय असं त्याला वाटलं, तर पुढचा धोका वाढतो असंही अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. काकू नेमकं असंच सांगायची. "मी तिथं नव्हतेच. माळवदावर उभं राहून खाली बघत होते." माळवद तर तिच्या अंगावर होतं.

पण 'जास्त लागलं' म्हणजे नात्यातलंच माणूस जायला हवं असं नाही, हे दादाने मला शिकवलं. आपल्या तरुण पोरांनी त्या ऑक्टोबरात जे केलं त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. लष्कर यायच्या आधी आणि आल्यानंतरही हातांनी, फावड्यांनी, घमेल्यांनी दगड उपसणारी ही पोरं होती. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, तयारी नव्हती, पाळ्या नव्हत्या, किती तास काम करायचं याचा धरबंध नव्हता. वर पाऊस. दादाला त्यातली प्रेतं आठवत नाहीत असं तो म्हणतो. त्याला आठवतो एक हात, ज्यात अजून हिरव्या बांगड्या शाबूत होत्या. एवढे दगड पडून काच फुटली नव्हती. पुढे त्याचं लग्न ठरलं तेव्हा चुडा भरायच्या कार्यक्रमातून तो उठून गेला आणि सगळ्यांनी त्याची थट्टा केली.

न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ नंतर ढिगाऱ्यावर काम केलेल्यांचा मोठा अभ्यास झाला. ती आपत्ती निसर्गाची नव्हती, पण त्यातली एक गोष्ट इथे लागू पडते. पीटीएसडीचं प्रमाण पोलिसांत सगळ्यात कमी निघालं, सहा टक्क्यांच्या आसपास. आणि कुठल्याही संघटनेशिवाय आपणहून धावलेल्या स्वयंसेवकांत सगळ्यात जास्त, एकवीस टक्क्यांच्या आसपास. ज्याला असल्या कामाची सवय नाही, ज्याच्यावर कुणाची देखरेख नाही आणि संध्याकाळी ज्याला विचारणारा कुणी नाही, तो सगळ्यात उघड्यावर. दादाला विचारलं की तो एकच वाक्य म्हणायचा, "मला काय झालंय? माझं कोण गेलंय?" आपलं कुणी गेलं नसताना त्रास होणं त्याला स्वतःलाच हक्काचं वाटत नव्हतं. मग तो बोलायचा कुणाशी?

प्रेतांचं दुसरंही एक आहे. त्या दिवसांत सामुदायिक दहन झालं. घरांच्याच तुळया, खांब आणि दारं सरणाला वापरली गेली. पावसात प्रेतं कुजू लागली होती, रोगराईची भीती होती, प्रशासनाकडे दुसरा मार्ग दिसत नव्हता. त्या घाईला आज नावं ठेवणं सोपं आहे. पण जागतिक आरोग्य संघटना आता स्पष्ट सांगते की नैसर्गिक आपत्तीत दगावलेल्यांच्या प्रेतांमुळे साथ पसरत नाही. धोका असलाच तर तो ती हाताळणाऱ्यांना, आणि तोही थोडा. ओळख पटवा, फोटो काढा, नोंद ठेवा, घाईने एकत्र विल्हेवाट लावू नका, असं त्यांच्या मार्गदर्शनात आहे. काकूने यजमानांचं तोंड पाहिलं नाही. कुणी म्हणालं अमक्या सरणावर होते, कुणी म्हणालं तमक्या. मुलाने दहावा-तेरावा केला, पण काकू त्यात बसली नाही. बरीच वर्षं ती म्हणायची की सोलापूरच्या दवाखान्यात कुणी अनोळखी जखमी असतील, जाऊन बघा. हे दुःख आणि पीटीएसडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं डॉक्टर सांगतात, आणि ते बरोबरच असेल. एकाच बाईत दोन्ही राहायला आल्यावर कुठलं कुठे संपतं ते तिच्या घरच्यांना कळत नाही.

आता धोका वाढवणाऱ्या गोष्टींची जी यादी सगळीकडे सापडते ती थोडक्यात: बाई असणं, आधी मानसिक आजार असणं, लहानपणी मारहाण किंवा हाल सोसलेले असणं, आधीचा एखादा आघात, शिक्षण कमी, पैसा कमी. यातलं काहीच खोटं नाही. पण २००० साली लंडनच्या ख्रिस ब्रुइन यांनी सहकाऱ्यांसह अशा सत्त्याहत्तर अभ्यासांची एकत्र छाननी केली तेव्हा दिसलं, की माणूस आधी कसा होता याचा वाटा तुलनेने लहान आहे. आघात किती मोठा हे आलंच. पण त्यानंतर सोबतीला कोण होतं आणि पुढे आणखी कसले ताण येत गेले, या दोन गोष्टींचं वजन जास्त भरलं. आधार नसणं हा घटक सगळ्यांत वर होता.

हे वाचलं तेव्हा मला मावशी आणि काकू दोघी एकदम समोर दिसल्या. दोन बायकांवरून सिद्धांत मांडू नये, हे कळतं मला. पण बघा. मावशीचं माहेर लातूरचं, धडधाकट उभं. तिसऱ्या दिवशी माझे मामा जीप करून गेले आणि तिला, तिच्या यजमानांना, काकूला, सगळ्यांना घेऊन आले. काकूचं माहेर होतं सास्तूरकडे. आमच्याकडे सोयरिकी दहा-पंधरा कोसांत होतात. मुलगी हाकेच्या अंतरावर असावी असं बापाला वाटतं. त्यामुळे भूकंपाने त्या बावन्न गावांतल्या पुष्कळ बायकांची सासरं पाडली तशीच माहेरंही पाडली. काकूचे आई-वडील, भाऊ गेले. जिथे पडून रडायचं ते घरच राहिलं नाही. आमच्या घरी ती जावेच्या माहेरी आश्रित होती. आई तिला काही कमी पडू द्यायची नाही, पण दुसऱ्याच्या घरात बाई किती दिवस जमिनीकडे बघत बसेल? महिन्याभरात ती आपणहून गावाकडे पत्र्याच्या शेडमध्ये परत गेली.

दुसरं असं, की तिचे यजमान पिठाची गिरणी चालवायचे. जमीन नावापुरती, घर चालायचं गिरणीवर. गिरणी वाड्याच्या दर्शनी खणात होती, ती दगडांखाली चेपली. भूकंपानंतर महिन्याभरात दिल्लीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्या भागातल्या एका गावात केलेली लहानशी पाहणी पुढे अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या नियतकालिकात छापून आली. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांत काही ना काही मानसिक विकार दिसला. पीटीएसडी आणि नैराश्य हे त्यातले मुख्य. त्रासाशी ज्या गोष्टींचा संबंध लागला त्यात एक बाई असणं, आणि दुसरी उत्पन्न देणारी मालमत्ता जाणं. घर पडणं वेगळं आणि पोट भरण्याचं साधन पडणं वेगळं. घर सरकार बांधून देतं. गिरणीचं काय? पुढे भरपाईच्या पैशांवरून भाऊबंदकी झाली, सोलापूरच्या दिराने कागद अडवले, काकू तहसीलच्या पायऱ्या चढून थकली. ती प्रत्येक खेप तिच्या त्रासात भर घालत होती, आणि ती भर भूकंपाच्या हिशेबात कुणी धरत नव्हतं.

२००५ मध्ये कॅटरिना वादळाने अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स आणि आसपासचा भाग बुडवला. तिथल्या लोकांना काही महिन्यांनी एकदा आणि वर्षभराने पुन्हा तपासलं. वेळ जाईल तसा त्रास ओसरायला हवा, तर उलट वाढलेला निघाला: पीटीएसडी सुमारे पंधरा टक्क्यांवरून एकवीस टक्क्यांच्या आसपास. ज्यांच्या अडचणी सुटलेल्याच नव्हत्या, घर नाही, पैसे नाहीत, त्यांच्यातच हा त्रास मुख्यतः साचला होता. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातली ही गत. मग मराठवाड्यातल्या शेडांत काय झालं असेल? उन्हाळ्यात तापणारे पत्रे, पावसात कानठळ्या बसवणारे. पत्र्यावर पावसाचा पहिला सडाका आला की काकू पोरांना ओढून बाहेर काढायची.

पुनर्वसनाचं काम मोठं झालं, जागतिक बँकेचं कर्ज आलं, तेव्हाच्या हिशेबाने ते वेगाने झालं आणि आजही त्याचे दाखले दिले जातात. मी ते नाकारत नाही. नव्या गावांत रुंद सरळ रस्ते आले, चौकोनी आखणी आली, सिमेंटची घरं आली. दगड लोकांना नकोच होता. ज्या दगडाने मारलं तो पुन्हा डोक्याशी घ्यायला कुणी तयार होईना, चांगला बांधला तर दगडही टिकतो असं इंजिनिअर कानीकपाळी ओरडून सांगत असताना. घराचं क्षेत्रफळ जमिनीवर ठरलं. भूमिहीनाला आणि अगदी थोडी जमीन असणाऱ्याला अडीचशे चौरस फूट, मधल्याला साडेचारशे, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशे. काकू अडीचशेत बसली. मावशी साडेचारशेत, आणि ती रांग गावाच्या दुसऱ्या टोकाला. जुन्या गावात दोघींच्या मध्ये एक अंगण होतं. भाकरी करता करता एकमेकींशी बोलणं व्हायचं. नव्या गावात काकूला मावशीकडे जायचं तर चप्पल घालून, पदर सावरून, उन्हातून रुंद रस्ता तुडवत जावं लागे, आणि मनाने खचलेल्या माणसाला नेमकं तेवढंच जमत नाही. आखणी करणाऱ्याच्या नकाशात अंतर मीटरमध्ये होतं. चुलीशी बसून हाक ऐकू येते का, हे कुणी मोजलं नव्हतं.

मावशीचं वेगळं घडलं ते इथूनच. जी गावं हलवली नाहीत तिथल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण सुरू झालं, तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून पुढे आणलं. सरकारी योजना लोकांना समजावून सांगायची, लोकांच्या तक्रारी इंजिनिअरपर्यंत न्यायच्या. मावशी त्यांच्यातली नव्हती, पण तिच्या नात्यातली एक होती आणि तिच्याबरोबर ही फिरायला लागली. चौथी शिकलेली बाई भिंतीत किती अंतरावर बांधणीचा दगड हवा ते गवंड्याला दरडावून सांगायला लागली. पुढे बचत गट आला. मुलगी गेल्याचं दुःख त्याने कमी झालं असं मी म्हणणार नाही, म्हणायची माझी टाप नाही. पण सकाळी उठून जायला जागा होती, आणि 'आत झोपा' म्हणणारी ती आता घर कसं पडू नये हे सांगत होती. ती बरी झाली असंही म्हणवत नाही. आजही ती रात्री दाराला कडी लावत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये हिंगोली-नांदेडकडे धक्के बसल्याची बातमी टीव्हीवर आली तेव्हा तिने नातवंडांना घेऊन आठवडाभर अंगणात मुक्काम केला आणि सुनेने कपाळावर हात मारून घेतला.

मुलांचं मी फार लिहिणार नाही. ते ज्यांनी भोगलं त्यांनी लिहावं. भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलं पुण्याला शिकायला नेली, त्यांच्यातली कित्येक शिकून मोठी झाली. गावात राहिलेल्या मुलांचं बरंचसं त्यांच्या आईवर अवलंबून राहिलं. आई घाबरलेली तर लेकरू घाबरलेलं, हे कुठल्याही अभ्यासाशिवाय कळतं, पण अभ्यासही तेच सांगतात. काकूचा धाकटा अजून पंखा फार जोरात फिरू देत नाही.

एका गोष्टीचा मात्र मला अजून राग येतो. त्या दिवसांत येणारा प्रत्येक जण या बायकांना सगळं सांगायला लावायचा. सांगा ना, काय झालं, कसं झालं, तेव्हा काय वाटलं. पत्रकार विचारायचे ते त्यांचं काम. पण चांगल्या मनाने आलेले कार्यकर्तेही विचारायचे, बोललं की मोकळं वाटतं म्हणून. पुढे यावर बरेच प्रयोग झाले. आघातानंतर लगेच एकदाच बसवून सगळं बोलायला लावल्याने पीटीएसडी टळत नाही, काहींना उलट त्रास वाढतो, असं निघालं. आता सुरुवातीच्या दिवसांत वेगळं सांगतात: माणूस सुरक्षित आहे ना, जेवला का, त्याची माणसं कुठे आहेत ते कळलं का, बोलायचं असेल तर ऐका, नसेल तर शेजारी बसा. झोपेच्या गोळ्याही पहिल्या महिन्यात सरसकट देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटना २०१३ पासून सांगते. आमच्याकडे तेव्हा गोळ्या वाटल्या जायच्या.

मानसिक आरोग्याकडे कुणी पाहिलंच नाही, असं मात्र नाही. ज्यांना आपण नट म्हणून ओळखतो ते डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ आहेत, आणि भूकंपानंतर मराठवाड्यातल्या लोकांच्या मानसिक परिणामांवर काही वर्षं चाललेला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा प्रकल्प त्यांच्याकडे होता. आमच्या गावापर्यंत त्यातलं काही पोचलं का, ते घरात कुणाला आठवत नाही. पुढे माळीण झालं, तळीये झालं, जुलै २०२३ मध्ये इरशाळवाडी झाली. इरशाळवाडीच्या वाचलेल्यांना कंटेनरमध्ये ठेवल्याची बातमी वाचली तेव्हा पहिला विचार आला तो हाच, की यांच्यात कुणाकुणाची माहेरं डोंगराखाली गेली, आणि कंटेनर कुणाचा कुणाशेजारी लागलाय.

काकू काही वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत तिला कुणी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं नाही. अंगात आलंय, देवाचं काही राहिलंय, असं म्हणत दोन-तीन ठाणी मात्र केली.

दादा मात्र डॉक्टरकडे गेला. त्याचं श्रेय आमच्या वहिनीला. रात्री तो दचकून उठायचा, कधी हात झाडायचा, आणि एकदा त्याचा हात तिला लागला. ती म्हणाली, "आता एक तर तुम्ही डॉक्टरकडं जा, न्हाय तर मी माहेरी." अनेक वर्षं ताणाच्या, पित्ताच्या, रक्तदाबाच्या गोळ्या देणाऱ्या एका डॉक्टरने त्याला झोपेचं कारण कधी विचारलं नव्हतं. सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरणीने विचारलं, की हे कधीपासून. हा म्हणाला, भूकंपापासून. तिचा जन्मही भूकंपानंतरचा. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, सांगायचं तेवढंच सांगा. गोळ्या सुरू झाल्या, आणि दर पंधरवड्याला समोर बसून त्या आठवणीकडे थोडं थोडं, ठरवून, जायचं असाही उपचार झाला. पहिल्या काही खेपांनंतर तो चिडून यायचा, पुन्हा जाणार नाही म्हणायचा. वहिनी त्याच्याआधी चपला घालून दारात उभी राहायची. वर्ष-दीड वर्ष लागलं. हे सगळं तीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीसाठी.

गेल्या दिवाळीला त्यांच्या मुलीचा साखरपुडा झाला. बांगड्या भरताना दादा तिथे होता, कासाराशी भावावरून घासाघीस करत होता. वहिनीची आताची तक्रार अशी, की हा माणूस दहाला जो आडवा होतो तो सकाळपर्यंत घोरतो आणि तिचीच झोप मोडते. आणि त्यावर सरकारी दवाखान्यात काही मिळतं का, ते मी पुण्यात विचारून सांगायचंय.